पानाचे घोडे कुठे पेंड खाते?

आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेची काही मुले भाषेचा विषय म्हणून मराठी घेतात. त्यांना मी दरवर्षी एक लेखन देते : आपल्या अभ्यासातली कोणतीही एक गोष्ट, विज्ञान न शिकलेल्या घरच्या माणसाला कळेल अशी मराठीत लिहून आणा. गेल्या वर्षी तिघाचौघांनी एकच विषय निवडला : वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाच्या वेगावर परिणाम करणारे घटक. सगळ्यांचे उत्तर एका साच्यातले होते. प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, तापमान, पाणी आणि हरितद्रव्य. प्रत्येकाखाली दोन ओळी, आणि त्या ओळींचा सारांश असा की हे वाढले की वेग वाढतो, हे घटले की वेग घटतो.

यादीत चुकीचे काही नाही. परीक्षेत तिला गुणही मिळतात. पण भाषा शिकवणाऱ्या माणसाची नजर शब्दांपेक्षा शब्द जोडणाऱ्या अव्ययांवर आधी जाते, आणि मी त्या ‘आणि’पाशी अडले. ‘आणि’ने जोडलेल्या वस्तूंची बेरीज होते, असे मन नकळत धरून चालते. थोडा उजेड जास्त, थोडे पाणी जास्त, थोडे खत जास्त, म्हणजे झाडाची कमाईही तेवढी जास्त. झाडाचे पान अशी बेरीज करत नाही. त्याच्या कारभाराला लागणारे अव्यय ‘आणि’ नसून ‘जोवर–तोवर’ आहे. जोवर उजेड अपुरा आहे, तोवर बाकीचे कितीही ओता, वेग जवळजवळ तिथेच राहतो.

लग्नघरातल्या स्वयंपाकाचे उदाहरण घेऊ. पोळ्या लाटायला चौघीजणी बसल्या आहेत, पण चुलीवर तवा एकच आहे. तासाला किती पोळ्या होतील, हे तवा ठरवतो. लाटायला आणखी दोघींना बसवून काही होत नाही, लाटलेल्या पोळ्या ताटात वाळत राहतात. तवे चार केले की पोळ्या भराभर वाढतात, पण तेही कणीक मळणारीचे हात पुरे पडेपर्यंतच. मग काम तिच्यापाशी अडते. अशा वेळी मराठी माणूस ‘घटक कोणते?’ असे विचारत नाही. तो विचारतो, घोडे कुठे पेंड खाते?

हाच प्रश्न पानाला शास्त्रीय शिस्तीने विचारला केंब्रिजच्या फ्रेडरिक फ्रॉस्ट ब्लॅकमन यांनी. 1905 साली त्यांनी मांडले की अनेक गोष्टींवर अवलंबून असलेल्या क्रियेचा वेग, त्यातली जी गोष्ट सर्वांत तोकडी पडते तिच्यावर ठरतो. तिला ‘मर्यादक घटक’ म्हणता येईल. मी वर्गात ‘अडवणारा घटक’ म्हणते. मुलांना तो पहिल्या झटक्यात कळतो.

त्याआधी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकेक घटक सुटासुटा सापडत आला होता. जोसेफ प्रिस्टले यांनी 1771 मध्ये पाहिले की मेणबत्ती जळून कोंदट झालेली हवा पुदिन्याच्या फांदीमुळे पुन्हा ताजी होते. यान इंगेनहौझ यांनी 1779 मध्ये दाखवले की हे काम फक्त झाडाचे हिरवे भाग करतात आणि तेही उजेडातच. पुढे कार्बन डायऑक्साइडचा आणि पाण्याचा वाटा कळला. ब्लॅकमन यांनी नवा घटक शोधला नाही; घटकांमधले नाते शोधले. वाक्यातली नामे होतीच, त्यांनी अव्यय बसवले, असे मला म्हणावेसे वाटते.

त्यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. ब्लॅकमन आणि त्यांच्या सहकारी गॅब्रिएल मथाई यांच्या कामातून असे दिसले की मंद उजेडात पानाला ऊब दिली तरी वेग फारसा वाढत नाही, भरपूर उजेडात दिली तर चांगलाच वाढतो. काचेच्या भांड्यातली साधी रासायनिक क्रिया उबेने नेहमीच वेग घेते. मग इथे कधी घेते आणि कधी नाही, असे का? कारण काम एक नसून दोन आहेत. पहिल्यात पान उजेडाच्या बळावर पाण्याचे रेणू फोडते, ऑक्सिजन बाहेर सोडते आणि मिळालेली शक्ती साठवते. या कामाला उबेशी फार देणेघेणे नसते. दुसऱ्यात त्या शक्तीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड साखरेत बांधला जातो, आणि हे काम विकरांचे असल्यामुळे ते तापमानावर हलते. उजेड तोकडा असला की पहिले काम अडते, म्हणून उबेचा उपयोग नाही. पानाच्या पोटात न शिरता, केवळ वेग मोजून ही दोन कामे वेगळी ओळखता आली.

हे घरी पाहायचे तर तळ्यातली हायड्रिला पुरते. तिची फांदी पाण्याच्या भांड्यात बुडवून दिव्याजवळ ठेवली की कापलेल्या टोकातून ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात, आणि मिनिटाला किती ते मोजता येतात. जगदीशचंद्र बोस यांनी याच वनस्पतीवर स्वयंनोंद करणारी उपकरणे लावून काम केले. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ 1924 चा आहे. दिवा 40 सेंटीमीटरवरून 20 वर आणला की उजेड चौपट होतो आणि बुडबुडे वाढतात. आणखी जवळ आणत जा, एका टप्प्यानंतर ते वाढेनासे होतात. इथेच पाण्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकायची. त्यातून कार्बनचा पुरवठा होतो आणि थांबलेली संख्या पुन्हा चढू लागते. अडवणारा बदलला, हे डोळ्यांना दिसते. (दिव्याने पाणी तापते, म्हणून मध्ये पाण्याने भरलेले काचेचे पसरट भांडे ठेवावे. नाहीतर उजेड वाढवला की ऊब, हे कळणार नाही.)

गोव्यात राहणाऱ्याला मात्र यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. कुळागर आहे. वर पोफळींचे छत्र, त्यांच्या खोडांना बिलगलेले मिरवेल, खाली केळी, मध्ये जायफळ, कडेला अननस. एकाच जमिनीवर, एकाच पाटाच्या पाण्यावर ही सगळी झाडे उभी असतात, पण दुपारी बारा वाजता प्रत्येकाचे काम वेगवेगळ्या ठिकाणी अडलेले असते.

वरच्या पानांना उजेडाचा तोटा नाही. बहुतेक झाडांचे एकटे पान भरदुपारच्या उन्हाच्या निम्म्याहून कमी उजेडातच तृप्त होते. वरचा उजेड त्याला वापरता येत नाही. त्याच्याखाली दोन-तीन मजल्यांवर गोष्ट उलटी. तिथे पोहोचणारा उजेड इतका गाळून येतो की पान जेवढे कमावते तेवढेच श्वसनात खर्चून बसते. सावलीत वाढणारी झाडे खर्चही बेताचा ठेवतात, म्हणून ती तगतात. पण तगणे वेगळे आणि फळणे वेगळे. मिरीला सावली मानवते, गर्द काळोख मानवत नाही. आमच्या नात्यातल्या एका कुळागरात मिरी कमी येऊ लागली तेव्हा दोन वर्षे खत वाढवले गेले. वर फणसाच्या आणि रानझाडांच्या फांद्या एकमेकींत शिरलेल्या होत्या. त्या कापायला माडावर-पोफळीवर चढणारा पाडेली मिळत नव्हता, खताची गोणी मात्र दुकानात मिळत होती. जे मिळते ते घालायचे, हा माणसाचा स्वभाव. वेलींचे घोडे उजेडापाशी पेंड खात होते. पावसाच्या तोंडावर फांद्या छाटण्याची जुनी रीत होती ती याचसाठी, कारण पुढचे चार महिने आभाळच झाकलेले असते. पावसाळ्यातल्या भातालाही पाणी भरपूर आणि ऊन तोकडे. वायंगणाच्या भाताला ढगांची ही आडकाठी नसते.

आता पाणी. पान शोषलेल्या पाण्यातला एक टक्काही प्रकाशसंश्लेषणात वापरत नाही. तरी पाणी तुटले की वेग आधी कोसळतो. कारण पाणी वाचवण्यासाठी झाड पर्णरंध्रे मिटते, आणि बाष्प बाहेर जाण्याची वाट तीच कार्बन डायऑक्साइड आत येण्याची वाट असते. म्हणजे पाण्याचा दुष्काळ पानाला जाणवतो तो कार्बनचा दुष्काळ म्हणून. एप्रिलच्या दुपारी लखलखीत उन्हात उभे असलेले झाड आपल्याला भरपूर जेवत असल्यासारखे वाटते. खरे तर त्याने दार लावून घेतलेले असते. अननसाने यावर वेगळाच तोडगा काढला आहे. तो रंध्रे रात्री उघडतो, कार्बन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दार बंद करून तो साठा वापरतो. कोरफड आणि निवडुंग हेच करतात.

हरितद्रव्याबद्दल थोडक्यात. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, आणि मुसळधार पावसाच्या जांभ्या जमिनीतून मॅग्नेशियम झिरपून जाते. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसली तर ही शंका घ्यावी. अशा झाडाला खत लागतेच, पण नेमके तेच खत.

तापमानाचा विचार केला की गोष्ट एका विकराकडे येते. त्याचे नाव रुबिस्को. हवेतला कार्बन पकडण्याचे काम त्याचे, आणि तो कमालीचा संथ आहे. एक केंद्र सेकंदाला दहाच्या आतच रेणू हाताळते. संथपणा एक वेळ चालला असता, पण त्याची पारखही कच्ची आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी तो मध्येच ऑक्सिजन पकडतो आणि केलेली कमाई वाया घालवतो. ऊन तापेल तशी ही चूक वाढते. भात, गहू, सोयाबीन यांना ती सोसावी लागते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांनी पानात कार्बन दाटून रुबिस्कोपुढे ठेवण्याची सोय केली आहे. उसातली ही रीत हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये उलगडली. म्हणून बेळगावकडचा ऊस ज्या उन्हात जोमाने वाढतो, त्याच उन्हात माळव्यातला गहू दमतो.

ब्लॅकमन यांचा नियम पुढे थोडा मवाळ करावा लागला. पान म्हणजे अगदी एक तवा नव्हे. झाडाची सगळी पाने मिळून पाहिली तर काही उजेडापाशी अडलेली असतात, काही कार्बनपाशी, आणि एका अडथळ्यातून दुसऱ्यात जाण्याचा टप्पा गोलसर असतो. पण फार्कर, फॉन केमरर आणि बेरी यांनी 1980 मध्ये मांडलेले, आजही वापरात असलेले गणितही त्याच पायावर उभे आहे : विकराने ठरणारा वेग आणि उजेडाने ठरणारा वेग काढा, त्यात जो कमी तो पानाचा.

हे नाते उमगले की हल्ली कानांवर येणारे एक विधानही तपासता येते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे, तो झाडांचे अन्न आहे, तेव्हा पिकांचे भलेच होणार, असे ते विधान. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता, आता 420 च्या वर गेला आहे. जिथे खरोखर कार्बनच अडवत होता तिथे वेग वाढतो; काचगृहात भाजी पिकवणारे मुद्दाम हा वायू सोडतात ते त्यासाठीच. उघड्या शेतात अडवणारा लवकर बदलतो : कुठे नत्र, कुठे पाणी, कुठे याच वायूमुळे वाढलेली उष्णता. वाढीव कार्बनमध्ये वाढवलेल्या गव्हा-तांदळाच्या दाण्यात प्रथिनांचे प्रमाण घटलेलेही आढळले आहे. आणि उसा-ज्वारीला तर कार्बन आधीच दाटून मिळत असतो. त्यांना वाढीव वायूचा फायदा दिसतो तो मुख्यतः दुष्काळात, कारण तेव्हा रंध्रे थोडीच उघडी ठेवून भागते आणि जमिनीतली ओल चार दिवस जास्त पुरते.