फोटोतला सामुराई नेमका कधीचा?

जुना फोटो पुरावा म्हणून वापरणार असाल, तर आधी योकोहामाचे फोटो बघा.

फेलिचे बिआटो 1863 मध्ये तिथे पोचला. (1857 च्या उठावानंतरचे लखनौचे प्रसिद्ध फोटोही त्याचेच.) तेव्हा वेट कोलोडियन पद्धत चालायची. काचेवर कोलोडियन पसरायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असेपर्यंतच फोटो काढून डेव्हलप करायचा. एक्सपोजर बहुधा काही सेकंदांचं. म्हणजे माणसाला हलू न देता बसवावंच लागे; 'सहज टिपलेलं जपानी जीवन' विसरा.

रंगांचंही तेच. कोलोडियनला निळा प्रकाश दिसतो, लाल जवळपास नाहीच. किमोनोवरचा तो देखणा लाल प्रिंटवर ब्रशने भरलेला आहे, मूळ कापडाचा रंग त्यावरून ठरवता येत नाही.

आता खरी गोची. 1876 मध्ये सरकारने सामुराईंना तलवार घेऊन फिरायला बंदी केली. तरी 1880 च्या दशकात पर्यटकांना विकलेल्या अल्बममध्ये तलवारवाले सामुराई आहेतच! बरेचसे पोशाख चढवलेले मॉडेल. आणि विकणारे फक्त परदेशी नव्हते, कुसाकाबे किम्बेईसुद्धा हेच विकायचा. पण सगळेच नकली म्हणू नका. बिआटोने 1877 मध्ये आपला स्टुडिओ निगेटिव्हसकट श्टिलफ्रीड आणि अँडरसनला विकला, त्यामुळे नव्या अल्बममधली प्रिंट 1860 च्या दशकातल्या काचेचीही असू शकते. तुमच्या नोंदीत निगेटिव्हची आणि प्रिंटची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.