मावळतीचा केशरी रंग फोटोत फिका का पडतो?

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी नामदेव हे संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. इथे कयाधू नदीकाठी मावळतीचा फोटो काढला, की डोळ्यांना दिसलेला केशरी रंग अनेकदा मोबाईलमध्ये फिका उतरतो. मग फिल्टर लावला जातो. खरी गडबड असते ती ‘व्हाइट बॅलन्स’ची.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. दुपारचं ऊन साधारण ५,५०० केल्विन असतं. मोकळ्या आकाशाखालची सावली ७,०००च्या पुढे, म्हणजे निळसर. तर मावळतीचं ऊन ३,५००च्या आसपास, म्हणजे केशरी. आपला मेंदू हा फरक बराचसा सांभाळून घेतो, म्हणून पांढरं धोतर सावलीतही पांढरंच दिसतं. कॅमेऱ्याचा ‘ऑटो’ मात्र अंदाज बांधतो. केशरी जास्त दिसला, की तो दोष समजून कमी करतो.

मग करायचं काय?

• मावळतीला प्रो मोडमध्ये ‘डेलाइट’ किंवा ५,५०० केल्विन ठेवा. केशरी टिकतो.
• सावलीतला फोटो निळसर आला, तर ‘शेड’ निवडा.
• शक्य असेल तर ‘रॉ’ फाइल ठेवा. तिच्यात रंग नंतरही नीट बदलता येतो. जेपीईजीमध्ये तेवढी मोकळीक नसते.

एडिटिंगमध्ये पांढऱ्या वस्तूवर पिकर ठेवला, की रंगाची झाक निघून जाते. पण मावळतीच्या फोटोत तसं केलं, तर संध्याकाळही पुसली जाते. त्यामुळे कोणती झाक काढायची आणि कोणती ठेवायची, हे आधी ठरवा.