अडीच गुंठे आणि दोन सुया

इंग्लंडात शहरातल्या ज्या माणसाच्या घरामागे परसू नाही, त्याला भाजीपाल्यासाठी नगरपालिकेकडून जमिनीचा एक तुकडा खंडाने मिळू शकतो. तिकडे त्याला ॲलॉटमेंट म्हणतात. तुकडा केवढा? जुन्या मोजणीत दहा रॉड. एकराचे आपण ४० गुंठे करतो, ते १६० रॉड करीत. म्हणजे हिशेब बरोबर अडीच गुंठ्यांचा झाला. एवढ्याला आपल्याकडे कुणी शेत म्हणणार नाही. तिकडे पुष्कळ शहरांत त्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहतात.

यामागची कथा दुःखाची आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावोगावच्या सामाईक कुरणांना कुंपणे पडली आणि ती मोठ्या जमीनदारांच्या हाती गेली. मजुराला गाय चारायला जागा उरली नाही. तेव्हा त्याच्या पोटाला आधार म्हणून असे तुकडे दिले जाऊ लागले. १९०८ च्या कायद्याने, मागणी असेल तिथे ते पुरवणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. दुसऱ्या महायुद्धात परदेशचे अन्न येईना, तेव्हा सरकारनेच लोकांना खणायला लावले आणि तुकड्यांची संख्या चौदा लाखांच्या घरात गेली. आज त्याचा जेमतेम पाव हिस्सा उरला आहे. बाकीच्यांपैकी पुष्कळांवर घरे आणि रस्ते उभे राहिले.

१९२२ च्या कायद्याप्रमाणे पीक मुख्यतः स्वतःच्या घरच्यांसाठी घ्यायचे. १९५० पासून कोंबड्या आणि ससे पाळता येतात, कोंबडा मात्र नाही! शेजाऱ्यांच्या झोपेची एवढी काळजी. धंदा करायचा नाही, म्हणून जास्तीचे वाटायचे. ऑगस्टात कूर्जेट नावाची काकडीसारखी भाजी एवढी येते की घेणारा दमतो.

खरी पंचाईत हिवाळ्यात. डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो. ओल्या जमिनीत पाय घातला तर ती दाबून घट्ट होते. नोव्हेंबरात लावलेला लसूण आणि जाड दाण्याचा घेवडा आपला आपण वाढत असतो. थंडीने गोड होणारे पार्स्निपचे पांढरे कंद लागतील तेवढे उपटून आणायचे, एवढेच काम. तुकडा करणारे पुष्कळ जण पेन्शनीतले. कुणी घरात एकटेच. ज्या हाताला वर्षभर फावड्याची सवय, तो रिकामा बसेल कसा? मग सुया निघतात.

विणायचे ते लहानच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे टोपरे मोठ्या मोसंबीवर बसेल एवढे असते. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, ऊब तिथून लवकर जाते. म्हणून टोपरे ही हौस नव्हे, गरज आहे. लोकर मऊ हवी, टोचणारी किंवा तंतू सुटणारी नको, आणि गरम पाण्यात धुण्याजोगी हवी. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी हात घालता येईल अशी लोकरीची नळी विणतात. तिला बटणे, फिती, मणी लावतात. अस्वस्थ बोटांना चाळा मिळतो. बटण मात्र दोनदा ओढून पाहायचे, तोंडात गेले तर जिवाशी खेळ.

इनोसंट नावाच्या फळांच्या रसाच्या कंपनीने २००३ साली बाटल्यांसाठी टोप्या मागवायला सुरुवात केली. टोपीवाली बाटली विकली की वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्थेला काही पेन्स मिळत. यात कंपनीची फुकट जाहिरात होई, हे खरेच. पण विणणाऱ्या बहुतेक स्वतःच म्हाताऱ्या, आणि चार जणींनी एकत्र बसून विणले म्हणजे संध्याकाळ जाते. माझ्या मते मोल त्या बसण्याचे जास्त.

फेब्रुवारीत अंड्यांच्या पुठ्ठ्यांत बियाण्याचे बटाटे डोळे वर करून खिडकीत मांडतात. मार्च सरता सरता कोंब बोटाच्या पेरावर येतात आणि गुड फ्रायडेच्या सुमारास बटाटा जमिनीत जातो. विणकामाची पिशवी तेव्हा खुंटीला लागते, अर्धवट टोपरे सुईवर तसेच ठेवून. आता तण काढले नाही तर पालिकेची नोटीस येते, आणि तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जातो.