जबड्यातल्या गाठीची न दिसणारी हद्द

तोंडात गाठ म्हटली की आपल्याकडे आधी तंबाखू आणि कॅन्सर आठवतो. अमेलोब्लास्टोमा या गाठीचं कारण तंबाखू मानलं जात नाही आणि ती कॅन्सरमध्येही मोडत नाही. दात घडवणाऱ्या पेशींच्या कुळातली ही गाठ जबडा सोडून शरीरात इतरत्र सहसा जात नाही. तरीही तिच्यापायी जबड्याचा मोठा तुकडा काढावा लागतो. कॅन्सर नाही, मग एवढी मोठी शस्त्रक्रिया कशाला, असा प्रश्न नातेवाईक विचारतातच. त्याचं उत्तर गाठीच्या कडेला सापडतं.

ही गाठ तशी दुर्मीळ. दहातल्या साधारण आठ गाठी खालच्या जबड्यात होतात, त्यातही बहुतेक मागच्या दाढांपाशी. तिशी ते पन्नाशीतले रुग्ण जास्त दिसतात. एकाच पोकळीचा, म्हणजे ‘युनिसिस्टिक’ प्रकार मात्र ऐन विशीतही आढळतो, बऱ्याचदा हाडात अडकलेल्या अक्कलदाढेभोवती. गाठ हळूहळू वाढते आणि सहसा दुखत नाही, म्हणून दाखवायचं राहून जातं. गाल एका बाजूने फुगतो, चांगला दात हलू लागतो, दातांमध्ये फट पडते किंवा कवळी नीट बसेनाशी होते, तेव्हा कुठे रुग्ण डेंटिस्टकडे जातो. कधी तर दुसऱ्याच दातासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये ती अवचित दिसते.

पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, म्हणजे ओपीजीमध्ये, हाडात साबणाच्या फेसासारखे काळे कप्पे दिसतात. शेजारच्या दातांची मुळं झिजून तोकडी झालेली असतात. हाड आतून बाहेर ढकललं जाऊन पातळ होतं. सीटी स्कॅनवर ते किती उरलंय, याचा अंदाज येतो. पण निव्वळ चित्रावरून निदान पक्कं होत नाही, कारण दातांशी संबंधित काही सिस्टही हुबेहूब अशाच दिसतात. त्यासाठी बायोप्सीच लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली उंच, सडपातळ पेशी एका ओळीत उभ्या दिसतात. त्यांची केंद्रकं तळापासून दूर, वरच्या टोकाला सरकलेली असतात. बाळाच्या हिरडीत दात घडत असताना इनॅमल बनवायला सज्ज झालेल्या पेशी नेमक्या अशाच दिसतात. तिथे आधी डेंटिनचा थर पडतो आणि मग त्यावर इनॅमल चढतं. गाठीत तो डेंटिन नसतोच. त्यामुळे इनॅमल तयार न करता पेशी वाढतच राहतात.

खरी अडचण इथून सुरू होते. जबड्याचं हाड बाहेरून टणक असलं, तरी आतून सच्छिद्र असतं. गाठीच्या पेशी त्या छिद्रांमधल्या मगजात शिरतात आणि आजूबाजूचं हाड मात्र काही काळ शाबूत राहतं. एक्स-रे हाडाची झीज दाखवतो, पेशी दाखवत नाही. त्यामुळे फिल्मवर जिथे कड दिसते, तिच्यापुढे २ ते ८ मिलिमीटरपर्यंत गाठ पसरलेली असू शकते. गाठ नुसती खरवडून काढली, तर या पेशी मागे राहतात आणि काही वर्षांनी ती पुन्हा उभी राहते. म्हणून नेहमीच्या प्रकारात शल्यविशारद दिसणाऱ्या कडेपलीकडचं १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. युनिसिस्टिक प्रकारात गाठ पोकळीच्या अस्तरापुरतीच असेल, तर कमी कापाकापीत भागू शकतं.

काढलेल्या हाडाची जागा पायातलं फिब्युला भरून काढतं. पोटरीतल्या दोन हाडांपैकी हे बारीक हाड. शरीराचा भार मुख्यतः दुसरं हाड पेलतं, त्यामुळे गुडघा आणि घोट्याजवळची टोकं राखून मधला भाग घेता येतो. तो रक्तवाहिनीसकट काढतात, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून प्लेटने बसवतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. पुढे त्यात इम्प्लांट रोवून दातही बसवता येतात. मात्र जबड्यातली नस काढावी लागली, तर खालचा ओठ त्या बाजूला बधिर राहतो.

ही मोठी शस्त्रक्रिया टाळता येईल का? २०१४ मध्ये संशोधकांना यातल्या अनेक गाठींमध्ये ‘ब्राफ’ जनुकातला एक बदल सापडला. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्येही तो आढळतो आणि त्यावरची औषधं तोवर बाजारात आली होती. ती दिल्यावर काही रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी ही औषधं देऊन मोजक्या रुग्णांचा जबडा वाचवला. रुग्णसंख्या अजून लहान आहे आणि औषधांना दुष्परिणामही आहेत, म्हणून शस्त्रक्रियाच आजही मुख्य उपचार आहे.

उपचारानंतर दहा वर्षं उलटल्यावरही गाठ परतू शकते, त्यामुळे ओपीजीची तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. अक्कलदाढेभोवतीची सिस्ट काढली असेल, तर तिचा तुकडा तपासणीला गेला का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. रिपोर्ट आणि जुन्या फिल्म जपून ठेवा. लॅबकडचा, तपासलेल्या तुकड्याचा मेणातला ब्लॉकही मागून घेतला तर उत्तम, कारण गाठ परतलीच, तर ‘ब्राफ’ची चाचणी त्याच तुकड्यावर करता येते.