गुरुवारनंतरचा ताप

मामा दोन पत्रे एकावर एक ठेवून मशिनमध्ये सरकवतात आणि पायाने पेडल दाबतात. वरची तांब्याची टिप खाली येऊन पत्रे घट्ट दाबते. ‘टक्’ आवाज, चार ठिणग्या, आणि टिप पुन्हा वर. भोसरीच्या या शेडमध्ये इलेक्ट्रिक पॅनलच्या पेट्या बनतात. मामा दिवसभरात असे शेकडो स्पॉट मारतात.

या स्पॉट वेल्डिंगला ना रॉड लागतो, ना गॅस. एकेक मिलिमीटरच्या दोन पत्र्यांना साधारण ८ ते १० हजार अँपिअर करंट लागतो. व्होल्टेज मात्र जेमतेम काही व्होल्ट आणि वेळ सेकंदाचा पाचवा हिस्सा. तांब्यातून करंट सहज वाहतो. त्याला खरा अडथळा होतो तो पत्रे एकमेकांना टेकतात तिथे. म्हणून तिथेच पोलाद वितळून मसुराएवढा थेंब होतो. करंट थांबला तरी टिप क्षणभर दाब सोडत नाही, थेंब त्या दाबाखालीच गोठतो. पहिला तुकडा मामा व्हाइसमध्ये धरून पक्कडीने सोलतात. एका पत्र्याला भोक पडलं आणि दुसऱ्यावर बटणासारखी गाठ राहिली, तर स्पॉट पक्का.

पत्रा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला असला, की धुराचा प्रश्न येतो. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतं, जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. सांधा व्हायच्या आधीच जस्ताची वाफ होते आणि हवा लागताच तिचा पांढरा धूर होतो. स्पॉटला तो थोडाच असतो. कोपऱ्यात जीआय पाइपची फ्रेम आर्क वेल्डिंगने जोडतात, तिथे लोट उठतात.

आयटीआयनंतर मी अशाच एका शेडमध्ये शिकाऊ होतो. एका शुक्रवारी दिवसभर अशा फ्रेमवर काम केलं. संध्याकाळी तोंडात नाणं चघळल्यासारखी चव, रात्री दोन गोधड्यांतही हुडहुडी. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिथले जुने वेल्डर म्हणाले, “गुरुवारची सुट्टी झाली की असंच होतं रे. दोन दिवसांत अंगवळणी पडतं.” त्यांचं निरीक्षण खरं होतं. रोजच्या धुराला शरीर सरावतं, सुट्टीत तो सराव सुटतो.

मला भीती वाटते ती या अंगवळणी पडण्याचीच. जस्ताचा ताप एक-दोन दिवसांत जातो. पण स्टेनलेसच्या धुरात घातक क्रोमियम असतं, आणि मँगनीज वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर मेंदूवर परिणाम करतं. वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये काढला.

अनेक शेडमध्ये धुरावर उपाय म्हणून गुळाचा खडा देतात, तोंडाला रुमाल बांधतात. गूळ जातो पोटात, धूर जातो फुप्फुसात. आणि त्याचे कण इतके बारीक, की रुमालाच्या विणीतून सहज पार होतात. धूर उठतो तिथेच ओढून घ्यायला हवा. मामांच्या शेडमध्ये आता आर्कच्या टेबलापाशी शोषणाऱ्या पंख्याची जाड नळी आहे. वेल्डर आधी तिचं तोंड सांध्याजवळ, वीतभर अंतरावर आणतो, मगच आर्क पेटवतो. पांढरा धूर उठतो, त्याच्या चेहऱ्याकडे निघतो आणि मध्येच वळून नळीत शिरतो.