पाच फुटांच्या फळीवर शिवडीचे यार्ड

परळ-शिवडीकडच्या जुन्या चाळींत गिरणी, गोदी किंवा रेल्वे यांपैकी एकाशीही संबंध नसलेले घर शोधावे लागे. आमच्या घरी तिन्ही होते. आजोबा गिरणीत, काका गोदीत आणि वडील गोदी रेल्वेत गँगमन. वडील १९९८ साली निवृत्त झाले. त्यानंतर रुळांविषयी त्यांना कोणी काही विचारले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने विचारले, त्याची ही हकिकत. ज्यांना घरी असा उद्योग करून पाहायचा असेल त्यांना कृतीही मिळेल.

पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथील गाड्या खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान आहेत. भाच्याने ते पाहिले आणि घरी येऊन हट्ट धरला. आमची खोली दहा बाय बाराची, त्यात माणसे सहा. गाडी गोल फिरवायला जागा आणायची कोठून? पण रेल्वे म्हणजे केवळ धावणारी गाडी नव्हे. यार्डात वाघिणी तोडणे-जोडणे, म्हणजे शंटिंग, हीसुद्धा रेल्वेच. (इंग्रजी व्हॅगनची आपल्या माणसांनी केव्हाच वाघीण करून टाकली आहे.)

अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज छंदिष्टाने यासाठी एक छान कोडे करून ठेवले आहे. रूळ तीन. एकावर पाच वाघिणी मावतात, बाकी दोहोंवर तीन-तीन. इंजिनाच्या बाजूच्या तुकड्यावर इंजिन आणि फक्त तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम ६,७२० होतात, म्हणजे रोज एक खेळले तरी अठरा वर्षे पुरतील! एवढे सगळे पाच फूट लांब, एक फूट रुंद फळीवर बसते. खेळून झाले की फळी कपाटाच्या बाजूला उभी करायची.

फळी, जुने इंजिन, रूळ आणि दोन सांधे जमले. गाडी चालली. पण उघड्या प्लायवूडवर चालणारी गाडी खेळण्यासारखीच दिसते. जमीन हवी, खडी हवी. म्हणून आम्ही मामा-भाचे बांधकामावरची दगडाची बारीक कच घेऊन आलो आणि परदेशी पुस्तकातल्या चित्राप्रमाणे दोन्ही बाजूंना उतार देऊन रुळांना झकास बांध घातला. कडेला हिरवेगार गवत लावायचे ठरले.

वडील खाटेवर बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, “हे काय केलंत रे? ही मेन लाईन झाली.”

“मग यार्ड कसं असतं, आजोबा?” भाच्याने विचारले.

त्यानंतरचे दोन तास वडील बोलत होते. इतके सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकले आहे.

मेन लाइनवर गाडी वेगाने जाते. तिचा भार स्लीपरखालून जमिनीत पसरावा, पाणी निघून जावे, रूळ बाजूला सरकू नये म्हणून स्लीपरखाली साधारण २५ ते ३० सेंटिमीटर खडी असते आणि दोन्ही बाजूंना खांदे. यार्डात गाडी माणसाच्या चालीने चालते. तेथे सांधेवाला, शंटर, खलाशी रात्रंदिवस रुळांमधून चालतात, वाघिणींच्या मध्ये शिरून कपलिंग लावतात. खडीचे ढीग असतील तर पाय मुरगळेल. म्हणून जमीन सपाट, खडी स्लीपरच्या पातळीला, तीही धूळ, तेल आणि जुन्या कोळशाच्या राखेने काळवंडलेली. गोदामाच्या दारात तर रूळ रस्त्यातच बुजवलेले असत, बैलगाडी आणि ट्रक वरून जावेत म्हणून.

बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंतची गोदी रेल्वे १९१५ साली सुरू झाली. कॉटन ग्रीन-शिवडीला कापसाच्या आणि धान्याच्या वखारींपर्यंत तिचे फाटे जात. हार्बर लाइनने जाणाऱ्यांनी पूर्वेच्या बाजूला ते रूळ पाहिले असतील. भाच्याने तिथल्या तिथे ठरवले, की आपले यार्ड शिवडीचे.

आता कृती. खऱ्या रुळाखालची खडी २० ते ६५ मिलिमीटरची असते. ८७ ने भागा. पाव ते पाऊण मिलिमीटर, म्हणजे रव्याएवढी. तेव्हा कच आधी रव्याच्या चाळणीतून काढा आणि नंतर मैद्याच्या चाळणीत धरा. वरच्या चाळणीत राहील ती जाडी टाकून द्या, खालून पडेल ते पीठ यार्डाच्या मातीसाठी ठेवा. चाळणी मात्र जुनी घ्या, नाहीतर घरात दुसरेच शंटिंग सुरू होईल. समुद्राची वाळू वापरू नका, तिच्यातील मीठ रुळांना खाते. आपल्याकडचा काळा दगड बेसाल्ट. त्यात लोहाचे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरमधील चुंबकाला जाऊन चिकटतात. जुन्या स्पीकरचे चुंबक कागदात गुंडाळून कचेतून दहा वेळा फिरवा. किती काळे केस निघतात ते पाहून थक्क व्हाल.

गाडी नीट चालते याची खात्री झाल्यावरच खडी टाका. रुळांच्या कडा गेरू आणि तपकिरी रंगाने रंगवून घ्या. कोरडी खडी चमच्याने टाका, मऊ ब्रशने स्लीपरवरून झाडून सारखी करा. घाई करू नका, सगळे काम येथेच आहे. मग पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून फवारा मारा. साबणाशिवाय पाण्याचे गोळे होतात आणि खडी वाहून जाते. नंतर फेविकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, त्यातही साबणाचा थेंब, औषधाच्या ड्रॉपरने सोडा. रात्रभर हात लावू नका. पावसाळ्यात दोन दिवस धरा. आमची फळी उभी ठेवावी लागते, म्हणून आम्ही दोनदा गोंद दिला.

सांध्याजवळ मात्र गोंद बेताने. आम्ही तेथेच चुकलो. सकाळी सांधा दगडासारखा बसलेला. भाच्याच्या डोळ्यांत पाणी. वडिलांनी गरम पाण्याचा बोळा ठेवायला सांगितला, गोंद पांढरा होऊन मऊ पडला, मग सुईने एकेक खडा काढला. सांध्याच्या हलत्या पात्यांखाली खडी नकोच, खऱ्या रेल्वेतही ती साफ ठेवावी लागते. पुढच्या वेळी पात्यांच्या बिजागरीला आधी तेलाचा थेंब दिला.

एक गोष्ट छंदिष्टांनी ध्यानात ठेवावी. बाजारातला रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा, तो युरोपच्या रेल्वेप्रमाणे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. ८७ ने भागले तर तो एकोणीसच्या वर जातो. त्यामुळे आपले यार्ड जरा अरुंद दिसते. वडिलांच्या नजरेतून ते सुटले नाही. “मीटरगेज वाटतंय,” म्हणाले. आम्ही स्लीपरची टोके खडीखाली थोडी अधिक झाकली, त्याने बरेच निभावले.

बाकी देखाव्याला फारसा खर्च नाही. वखारीच्या भिंती पुठ्ठ्याच्या, पत्रे बल्बच्या खोक्यातील नागमोडी कागदाचे. सुतळी बारीक कातरून वाळलेले गवत, लाकडाचा भुसा रंगवून टाकळा. पावसाळ्यात रुळांच्या मध्ये टाकळा आणि एरंड येणारच, हिरवळीची गादी नव्हे. कापसाच्या गाठी थर्माकोलच्या, वर गोणपाटाऐवजी बँडेजची जाळी चहाच्या पाण्यात बुडवून. इंजिन उभे राहते तेथे तेलाचा काळा डाग.

सगळे झाल्यावर वडील म्हणाले, “गँग कुठंय?”

तार आणि एम-सील यांची माणसे केली. उंची दोन सेंटिमीटरला थोडी कमी. बीटर हाती घेतलेले चार जण रुळाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर, कारण एकाच बाजूने ठोकले तर खडी दुसरीकडून निघून जाते. थोडे दूर मुकादम, रुळाला गाल टेकवून, एक डोळा मिटून, लाइन कोठे दबली आहे ते पाहणारा. हा मुकादम वडिलांनी स्वतः वळला. हात थरथरतात, तीन वेळा मोडला, चौथ्यांदा जमला.

परवा रविवारी खेळ मांडला. चिठ्ठ्या निघाल्या. भाचा ड्रायव्हर, वडील सांध्यावर. पहिलीच वाघीण तीन नंबरच्या रुळावर टाकायची होती. वडिलांनी आपली चार माणसे उचलून नेमकी त्याच रुळावर ठेवली आणि पुढे काडीला चिकटवलेला लाल कागद रोवला.

“आजोबा, रूळ मोकळा करा ना!”

“काम चालू आहे.”

“किती वेळ?”

“खडी बसेपर्यंत. तू इंजिन मागं घे आधी.”