कोतवाल बुकातील आमची वंशावळ

आमच्या गावच्या खोतांच्या घरी त्यांच्या कुळाचा छापील कुलवृत्तांत होता. मूळ पुरुष कोठून आला, कोणाला किती मुलगे, कोण कोठे वारला, सारे त्यात. आमच्या घरी आजीच्या तोंडी चार नावे होती. पाचवे विचारले की ती म्हणे, "त्याच्या पलीकडं नुसते महार." आजीचे काही चुकत नव्हते. सरकारी दप्तरही नेमके तेच म्हणते, हे मला पुढे तीस वर्षांनी कळले.

सवर्णांना वंशावळ ही हौसेची किंवा प्रतिष्ठेची बाब असते. आपल्याला ती आज पोटाची बाब झाली आहे. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. जात पडताळणी समितीपुढे त्या तारखेपूर्वीचा पुरावा मागितला जातो. वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते आणि तिच्या दुव्यांना कागद जोडावे लागतात. ज्या आजोबाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याचा शाळेचा दाखला त्याच्या नातीकडून मागायचा, असा हा न्याय आहे. खोट्या दाखल्यांवर आपल्याच जागा पळवल्या जातात, तेव्हा पडताळणीच नको असे मी म्हणणार नाही. पण तिचे ओझे कोणाच्या डोक्यावर, हे विचारलेच पाहिजे. माझ्या पुतणीचे यात एक वर्ष गेले.

त्या वर्षापासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी हे काम करतो. रविवारी विहारात बसून म्हाताऱ्यांकडून नावे उतरवून घ्यायची आणि आठवड्यात रजा काढून कचेरीत जायचे. पैसे घेत नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील एकाला वैधता मिळालेली असेल तर ती इतरांना मोठा आधार ठरते. म्हणून एका घराची वंशावळ नीट बसवली की चुलत घरांचीही वाट मोकळी होते.

कागद असतात कोठे? शाळेचे जनरल रजिस्टर हा पहिला. पण १९५० पूर्वी आपली किती पोरे शाळेत होती? जमीन असेल तर फेरफार आणि वारसनोंदी. वतन असेल तर वतनाची पत्रके. कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली तेव्हा ज्यांच्या नावे जमिनी होत्या, त्यांचे वारस तेथे सापडतात. कोणी पलटणीत असेल तर पेन्शनचे कागद. आणि हे काहीच नसेल तर कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही.

ही वही मला सर्वांत बोलकी वाटते. गावात कोण जन्मले, कोण मेले, ही खबर पोहोचवणे हे महाराच्या वतनी कामांपैकी एक. साऱ्या गावाची वंशावळ ज्याच्या पायांनी चालत कचेरीत गेली, त्याला वहीतले अक्षर वाचता येत नव्हते. त्याच्या स्वतःच्या घरची नोंद कशी? "रामा बिन सोना महार, मुलगा १." आडनाव नाही, आईचे नाव नाही, बाळाचेही नाव नाही. जात हेच आडनाव. त्याआधीच्या कागदांत नावापुढे 'नाक' लागे. कोरेगावच्या स्तंभावरची नावे पाहावीत, किंवा महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर पाहावेत. त्यांचे नाव गोपाळनाक विठनाक. पुढे आडनाव लागले ते शाळेत किंवा मुंबईच्या गिरणीत, आणि दोन भावांची दोन आडनावे झाली. १९५६ नंतर जातीच्या रकान्यात 'बौद्ध' आले. 'महार', 'हिंदू महार', 'नवबौद्ध', 'बौद्ध' ही एकाच घराची चार नावे. कारकुनाला मात्र ती चार घरे दिसतात.

नव्याने काम करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा होता आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. जुने दप्तर त्या नावाने मागावे लागते. बरेचसे मोडीत असते. मोडी शिका, तीन-चार महिन्यांत नोंदीपुरती येते.

"वही जीर्ण आहे, उपलब्ध नाही," हे उत्तर आम्हाला सर्वाधिक वेळा मिळते. अशा वेळी माहितीच्या अधिकाराखाली प्रत्यक्ष पाहणी मागावी. पुष्कळदा वही निघते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभरचे गठ्ठे सुटले, मोडी वाचणारे लावले गेले, आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. त्या समाजाला त्याच्या नोंदी मिळाल्या, यात मला तक्रार नाही. पण त्याच वह्यांत, कधी त्याच पानावर, आपल्याही ओळी होत्या. त्या कोणी उतरवल्या नाहीत.

मग सारे खुले करावे काय? येथे आमच्यात मतभेद आहेत. वहीत बापाचे नाव नसलेली मुले आहेत, मुरळीची मुले आहेत. गावात आजही बोट दाखवणारे आहेत. माझे मत असे, की मेलेल्यांच्या नोंदी सर्वांना खुल्या असाव्यात, जिवंतांचे कागद फक्त त्या घराला. आमच्यातले तरुण म्हणतात, लपवल्याने लाज वाढते. त्यांचे मला अर्धे पटते.

पुतणीच्या कामी अखेर जे सापडले ते आमच्या घरच्या नोंदीत नव्हते. खोतांच्या घरी मुलगा झाला त्या ओळीच्या शेवटी, खबर देणाऱ्याच्या जागी, माझ्या पणजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव आणि पुढे 'महार' असे लिहिलेले होते. बाजूला अंगठा. आजीच्या चार नावांपलीकडचे पाचवे नाव तेथे मिळाले. पणजीचे अजून मिळालेले नाही.